अन्नवस्त्र आणि वाटा

एकत्र कुटुंबाची थोरवी सांगतांना आपण एक गोष्ट हटकून सांगतों, ती ही कीं, अशा घरांत कोणी उपाशी निजत नाहीं. भाऊ मिळवता असो वा न मिळवता, विधवा आत्या असो वा दूरच्या नात्यांतला पोरका मुलगा असो, पंगतींत त्याचें पान मांडलेलें असतेंच. ही गोष्ट खरी आहे आणि तिचा अभिमान बाळगण्यांत कांहीं गैर नाहीं. घरांत कोणी आंधळा, बहिरा, पांगळा किंवा बुद्धीनें अधू असला तरी त्याच्याहि पानावर तोच वरणभात वाढला जातो आणि दिवाळीला त्यालाहि नवे कपडे मिळतात. परंतु जेवणें आटोपल्यावर घरची मंडळी जेव्हां विचारविनिमयास बसतात, जमिनीचें काय करावयाचें, धाकटीला कोणत्या कॉलेजांत घालावयाची, जुना वाडा पाडून इमारत उठवावयाची कीं नाहीं, असे प्रश्न निघतात, तेव्हां त्या बैठकींत तो असतो काय? असलाच तर त्याला कोणी विचारतें काय? बहुतेक घरांचें उत्तर प्रामाणिकपणें दिल्यास नकारार्थीच येईल. त्याला अन्नवस्त्र आहे, वाटा नाहीं. ह्या महिन्यांत ह्याच भेदाविषयीं वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा भेद आजचा नव्हे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत दायविभागाचा विचार आला आहे. तेथें जन्मांध, जन्मबधिर, वेडा, जड, मुका व इंद्रियहीन ह्यांना पित्याच्या धनांत वाटा नाहीं असें सांगितलें असून, लगेच पुढें, त्यांना जन्मभर यथाशक्ति अन्नवस्त्र देणें हें कर्तव्य होय असेंहि बजाविलें आहे. याज्ञवल्क्याचा निर्णयहि जवळजवळ असाच आहे, आणि त्याच्या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका वारसाच्या बाबतींत महाराष्ट्रांत शतकानुशतकें प्रमाण मानली गेली. न्यायबुद्धीनें बोलावयाचें तर, पोषणाचा भार कुटुंबावर सक्तीनें टाकणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. अशा माणसाच्या निर्दोष पुत्रांना वाटा मिळावा असेंहि याज्ञवल्क्यानें सांगून ठेविलें आहे. तथापि त्या माणसाला स्वतःला मालक समजावयाचें नाहीं, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता, आणि तो विसाव्या शतकापर्यंत न्यायालयांतून चालत आला.

पुढें १९२८ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळानें एक लहानसा कायदा केला. मिताक्षरेप्रमाणें चालणाऱ्या कुटुंबांतील कोणाहि माणसाला केवळ रोग, व्यंग किंवा शारीरिक अथवा मानसिक दोष एवढ्याच कारणावरून वारसा नाकारतां येणार नाहीं, असें त्यांत ठरलें. जन्मतः वेडा किंवा जन्मतः जड एवढाच अपवाद शिल्लक राहिला. हा अपवादहि १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या २८ व्या कलमानें पुसून टाकला. म्हणजे आपल्या घरांतील अपंग भावंडाला कायद्यानें पुरा वाटा मिळून आज कित्येक दशकें लोटलीं आहेत.

कायद्यानें दिलेला वाटा घरांत पोंचला काय, हा मात्र निराळा प्रश्न आहे. वाटणीचा दिवस येतो, कागद तयार होतात, आणि अपंग भावापुढें किंवा बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेविलें जातें. "आम्ही आहोंत ना सांभाळायला! तुला एवढें काय करायचें आहे? कर सही." बोलणाऱ्याच्या मनांत कपट असतेंच असें नाहीं, पुष्कळदां त्याच्या मनांत खरी माया असते. परंतु ह्या एका वाक्यानें, कायदेमंडळानें रद्द केलेली जुनी व्यवस्था मागल्या दारानें पुनः घरांत येते. आज सांभाळणारा थोरला भाऊ उद्यां निवर्ततो, कारभार पुतण्यांच्या हातीं जातो, पुतणे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस बिऱ्हाड करतात, आणि ज्याला कायद्यानें घराचा चौथा हिस्सा होता तो मनुष्य उतारवयांत कोणाच्या खोलींत निजावें ह्या विवंचनेंत पडतो. मायेला वारस असतोच असें नाहीं. नोंदलेल्या हिश्शाला असतो.

दुसरा प्रकार ह्याहून नाजुक आहे. घरांतील उपवर मुलीला पाहावयास मंडळी येणार असली म्हणजे तिच्या बहिऱ्या भावाला किंवा मंदबुद्धि बहिणीला त्या दुपारपुरतें शेजारच्या घरीं पाठवितात. स्थळ मोडूं नये, ही त्यामागील भीति आम्हांस कळते. परंतु त्या मुलाला काय कळतें ह्याचा विचार किती जण करतात? आपण घरांतील एक लपविण्याजोगी गोष्ट आहों, हा धडा त्याला परक्यांनीं दिलेला नसतो.

अशा माणसांना वाटा दिला तर काय घडतें, ह्याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. श्री. मुरलीकांत पेटकर ह्यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजीं वाळवा तालुक्यांतील पेठ ह्या गांवीं झाला. हा तालुका त्या वेळीं सातारा जिल्ह्यांत होता. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. तेव्हां सातारकर आणि सांगलीकर ह्या दोघांनींहि पेटकरांना आपलें म्हणावें. ते सैन्यांत असतां मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते कायमचे अधू झाले. लष्करी रुग्णालयांत उपचाराचा एक भाग म्हणून ते पोहूं लागले, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्यें जर्मनींतील हायडेलबर्ग येथें भरलेल्या अपंगांच्या जागतिक सामन्यांत त्यांनीं पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकमधील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक होय. ऑलिंपिकमध्यें एका भारतीयानें एकट्याच्या बळावर सुवर्णपदक मिळविण्यास त्यानंतर छत्तीस वर्षें, म्हणजे २००८ साल, उजाडावें लागलें.

ह्या कथेंतील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, त्या वर्षींचे ऑलिंपिक सामने म्यूनिकला होते, मग अपंगांचे हायडेलबर्गला कां? तर म्यूनिकचें खेळाडूंसाठीं बांधलेलें गांव ऑलिंपिक संपतांच खाजगी बिऱ्हाडांसाठीं द्यावयाचें ठरलें होतें, आणि अपंग खेळाडूंसाठीं तेथें जागा उरली नव्हती. श्रीमंत व सुधारलेल्या देशांतहि पाहुणा म्हणून आदर आणि हिस्सेदार म्हणून नकार हा प्रकार होता, हें त्यावरून दिसतें. दुसरी गोष्ट आपल्या देशांतली. १९८२ सालीं पेटकरांनीं अर्जुन पुरस्कारासाठीं अर्ज केला; तो मान्य झाला नाहीं. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली आणि २०२५ च्या जानेवारींत, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, आजीवन कामगिरीबद्दलचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या हातीं आला. पदक मिळविण्यास सदतीस सेकंद लागले. त्याची नोंद घेण्यास बावन्न वर्षें लागलीं.

काळ अगदींच पालटला नाहीं असें मात्र नव्हे. आटपाडी तालुक्यांतील करगणीचे श्री. सचिन खिलारी ह्यांचा डावा हात लहानपणींच्या अपघातानें अधू झाला. त्यांनीं अभियांत्रिकीचें शिक्षण घेतलें, आणि २०२४ च्या सप्टेंबरांत पॅरिस येथील पॅरालिंपिकमध्यें १६.३२ मीटर गोळा फेंकून रौप्यपदक मिळविलें. अर्जुन पुरस्कारासाठीं त्यांस बावन्न वर्षें थांबावें लागलें नाहीं. पेटकरांचा सन्मान झाला त्याच समारंभाच्या मानकऱ्यांत त्यांचेंहि नांव होतें. तथापि पदकांच्या कथा सांगतांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. डोळस मुलांपैकीं प्रत्येकानें पराक्रम गाजवावा अशी अट घालून आपण त्यांना शाळेंत घालीत नाहीं. मग आंधळ्या मुलानें असामान्य कांहीं करून दाखविल्यावरच त्याचा हक्क कबूल करावयाचा, हा कोठला न्याय?

अपंगपणा किती माणसांत असतो आणि किती त्याला मिळालेल्या जागेंत असतो, हेंहि एकदां पाहिलें पाहिजे. किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे तरुणपणीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले होते. त्यांना कांहीं रंगांतील फरक कळत नाहीं असें तेथें आढळून आलें आणि रंगचित्रकाराचा मार्ग खुंटला. त्यांनीं यंत्रांच्या आराखड्यांचें रेखाटन चालू ठेविलें. त्यांत रंगांचें कांहीं अडत नव्हतें. पुढें ते तोच विषय मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली इन्स्टिट्यूटमध्यें शिकवूं लागले, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या हद्दींत कुंडलजवळील माळावर त्यांनीं लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. हें स्थळ आज सांगली जिल्ह्यांत आहे. डोळे तेच होते. एका वर्गांत ते उणे ठरले, शेजारच्या वर्गांत पुरेसे ठरले.

नेमकें हेंच तत्त्व २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत 'वाजवी सोय' ह्या कल्पनेंत आलें आहे. आंधळ्या परीक्षार्थीला लेखनिक द्यावा, बहिऱ्या कारकुनाला सूचना लिहून द्याव्या, चाकाच्या खुर्चीवरील शिक्षकाचा वर्ग तळमजल्यावर भरवावा. दुसऱ्यावर अवाजवी भार न पडतां करतां येणारी अशी सोय नाकारणें म्हणजेच भेदभाव करणें होय, असें हा कायदा मानतो. १९९५ च्या कायद्यांत सात प्रकारचीं अपंगत्वें धरलीं होतीं, ह्या कायद्यानें तीं एकवीस केलीं. प्रमाणपत्रानें चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, उच्च शिक्षणाच्या सरकारी व अनुदानित संस्थांत निदान पांच टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत निदान चार टक्के जागा ह्यांत सांगितल्या आहेत. नोकरींत असतां अपंगत्व आलें तर सरकारी नोकराला काढून टाकतां येत नाहीं. आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळचें असें तेरावें कलम: इतरांच्या बरोबरीनें मालमत्ता धारण करण्याचा, वारशानें घेण्याचा व आपला पैशाचा व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क. मनूनें जो वाटा नाकारला तो येथें शब्दशः परत दिलेला आहे.

हे हक्क आपोआप हातीं येत नाहींत. ते मागावे लागतात. आपल्या शेजारीं कोल्हापुरांत श्रीमती नसीमा हुरजूक ह्यांनीं तें करून दाखविलें. ऐन सोळा-सतरा वर्षांच्या वयांत त्यांचा कमरेखालील भाग लुळा पडला. त्यांनीं पदवी घेतली, केंद्रीय अबकारी खात्यांत नोकरी केली, आणि १९८४ सालीं 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था काढून अपंग मुलामुलींसाठीं शिक्षणाची, राहण्याची व रोजगाराची सोय उभी केली. 'चाकाची खुर्ची' हें त्यांचें आत्मचरित्र ज्या घरांत अजून आलें नसेल तेथें तें आणावें. मागणारी व्यक्ति स्वतः अपंग असली म्हणजे मागणीचा सूर कसा निराळा लागतो, तें त्यावरून कळेल.

आणि घरच्या माणसांनींहि मागतां येतें. मध्यप्रदेशांतील न्यायाधीशांच्या भरतींत अंध उमेदवारांना वगळणारा एक नियम होता. एका अंध उमेदवाराच्या मातेनें सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें. न्यायालयानें त्या पत्राचीच याचिका करून घेतली, आणि ३ मार्च २०२५ रोजीं निकाल दिला कीं, केवळ दृष्टि नाहीं म्हणून कोणालाहि न्यायाधीशपदासाठीं अपात्र ठरवितां येणार नाहीं. तो नियम रद्द झाला. आपल्या वाचकभगिनींपैकीं कित्येकींच्या पत्रांतून उत्तम लेखनशक्ति दिसून येते. तिचा असाहि उपयोग करतां येतो.

आतां आपल्या दोन जिल्ह्यांपुरतें बोलूं. कृष्णेचा महापूर सांगलीकरांना सांगावयास नको. २००५, २०१९ व २०२१ ह्या सालीं तो घराघरांत शिरला. २०१९ च्या ऑगस्टमध्यें ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांना नेणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. साताऱ्याकडे पाटण तालुक्यांत २०२१ च्या जुलैंत आंबेघर व मिरगांव येथें डोंगर खचून घरें गाडलीं गेलीं. अशा रात्रीं धडधाकट मनुष्य माळ्यावर चढतो, हांक ऐकून बाहेर पळतो. ज्याला चढतां येत नाहीं, ज्याला हांक ऐकूं येत नाहीं, त्याचें काय? ह्या कायद्याच्या आठव्या कलमान्वयें, जिल्ह्यांतील अपंग व्यक्तींची नोंद जिल्हा आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें ठेविली पाहिजे आणि धोक्याची सूचना त्यांना कळेल अशा रीतीनें दिली पाहिजे. बहिऱ्याला भोंगा निरुपयोगी आहे. त्याच्या भ्रमणध्वनीवर लेखी संदेश आला पाहिजे, अगर कोणी दारांत जाऊन त्याला खुणेनें उठविलें पाहिजे. आपल्या घरच्या माणसाचें नांव त्या यादींत आहे काय, हें किती कुटुंबांनीं विचारलें असेल? दयाळु शेजाऱ्याच्या आठवणीवर ज्याचा जीव अवलंबून आहे, त्याला अजून वाटा मिळालेला नाहीं.

गांवपातळीवरची दुसरी गोष्ट पैशाची आहे. राज्य शासनाच्या आदेशानुसार ग्रामपंचायतींनीं व नगरपालिकांनीं आपल्या स्वतःच्या उत्पन्नापैकीं पांच टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठीं खर्च करावयाची असते. ही रक्कम किती, ती कशावर खर्च झाली, हें ग्रामसभेंत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदारास आहे. शाळेच्या पायऱ्यांना उतार, सरकारी दवाखान्यांत धरावयाचा कठडा, वाचनालयांत ऐकावयाचीं पुस्तकें, अशीं कामें ग्रामसभेपुढें मांडतां येतील. शाळेनें किंवा कचेरीनें हक्क नाकारल्यास राज्याच्या अपंग कल्याण आयुक्तांकडे पुण्यास दाद मागतां येते. सुशिक्षित कुटुंबांतील निवृत्त मंडळी अशा वेळीं मोठें काम करूं शकतात. अर्ज कसा लिहावा, पोंच कशी घ्यावी, मुदत उलटल्यावर स्मरणपत्र कसें पाठवावें, हें त्यांना आयुष्यभराच्या नोकरीनें शिकविलेलें असतें. ती विद्या शेजारच्या मोलकरणीच्या पांगळ्या मुलासाठींहि खर्ची पडली पाहिजे. आपल्यापुरतें मिळवून दार लावून घेणें हें सुशिक्षितांस शोभत नाहीं.

परंतु सर्वांची सुरुवात घरांतच आहे. अपंगत्वाचें प्रमाणपत्र व त्याबरोबर मिळणारें ओळखपत्र वेळींच काढावें. "लोकांना कळेल" ह्या संकोचापायीं मुलाच्या शिक्षणाचीं वर्षें फुकट घालवूं नयेत. त्याच्या नांवाचें बँकेंतील खातें असावें आणि तें चालविण्यास त्याला शिकवावें. हक्कसोडपत्राचा प्रसंग आलाच तर कुटुंबाच्या वकिलाखेरीज दुसऱ्या एखाद्या वकिलाकडून त्याचा अर्थ त्याला समजावून द्यावा, आणि त्यानें नाहीं म्हटलें तर राग मानूं नये. बुद्धीनें अधू असलेल्या भावंडाच्या बाबतींत त्याचा हिस्सा त्याच्याच नांवें राहील आणि वडीलधाऱ्यांच्या मागें त्याची देखरेख कोण करील, ह्याची लेखी व्यवस्था आईबापांनीं हयातींतच करून ठेवावी. लग्नासाठीं कार्यालय ठरवितांना पंगत माडीवर आहे कीं खालीं, हें विचारावें. जिन्यामुळें एक माणूस घरीं राहणार असेल तर तो सोहळा सर्व कुटुंबाचा झाला नाहीं. आणि पाहुणे आले म्हणजे घरांतील इतर माणसांबरोबर त्याचीहि नांवानें ओळख करून द्यावी. त्याला पाहून जें स्थळ मोडेल तें मोडलेलेंच बरें, कारण त्या घरीं उद्यां आपली मुलगीहि आजारी पडणार आहे.

पंगु, अपंग, विकलांग, दिव्यांग अशीं नांवें बदलत आलीं. नांव आदराचें असावें हें योग्यच आहे. पण नांव बदलल्यानें शाळेची पायरी उतरत नाहीं कीं सात-बाराच्या उताऱ्यावर नोंद होत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत एकट्या महाराष्ट्रांत सुमारें २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. इतक्या माणसांचा वाटा सरकारला एकट्याला देतां येणार नाहीं. त्यांतील मोठा भाग आपल्या घरांतूनच निघावयाचा आहे.

वाचकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, पुढील पावसाळ्यापूर्वीं आपापल्या ग्रामपंचायतींत अगर नगरपालिकेंत जाऊन दोन प्रश्न विचारावे: आपत्तीच्या यादींत आमच्या वाडीवस्तींतील अपंग माणसांचीं नांवें आहेत काय, आणि गेल्या वर्षीं पांच टक्के रकमेचें काय झालें? ज्यांच्या घरांत अशी व्यक्ति आहे त्यांनीं जातांना तिलाहि बरोबर न्यावें आणि प्रश्न तिलाच विचारूं द्यावा. काय उत्तर मिळालें तें आम्हांस अवश्य कळवावें.